राखीव क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉल नावाने फुटबॉल असला, तरी त्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक हाताळला जातो. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा ज्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकावा हे दोन-तीन सेकंदांत ज्याला ठरवावे लागते, तो क्वार्टरबॅक. तो जायबंदी झाला की राखीव क्वार्टरबॅक उतरतो. क्रिकेटमधील बाराव्या खेळाडूची येथे आठवण होईल, पण ती तुलना फसवी आहे. बाराव्याने क्षेत्ररक्षण केले की झाले. येथे राखीव माणसाच्या हाती एकदम सारा डाव येतो. आणि गंमत अशी की, त्याला सराव मात्र बेताचाच मिळतो. मुख्य संघाबरोबरचा बहुतेक वेळ पहिल्या क्वार्टरबॅकचा. राखीव खेळाडूने पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सोंग घेऊन आपल्याच बचावफळीला सराव द्यायचा.

फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा निक फोल्स २०१७ साली असाच बाकावर बसलेला होता. २०१३ मध्ये याच संघाकडून त्याने २७ टचडाउन फेकले होते आणि प्रतिस्पर्ध्यांना केवळ दोन झेल दिले होते. पुढे त्याला दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले, तेथे जागा गेली, आणि २०१६ साली खेळच सोडावा असे त्याच्या मनात आले. १० डिसेंबर २०१७ रोजी ईगल्सचा पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि फोल्सची पाळी आली.

हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे. मला ती पटत नाही. नाताळच्या रात्री ओकलंडविरुद्ध त्याच्या ३८ फेकींपैकी १९च सहकाऱ्यांच्या हाती पडल्या. चमत्कार असा अडखळत येत नसतो. खरी गोष्ट प्रशिक्षकांपाशी आहे. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन स्वतः ग्रीन बे येथे ब्रेट फार्वच्या मागे अनेक वर्षे राखीव होता. त्याचा साहाय्यक फ्रँक राइक हाही बफेलोचा राखीव खेळाडू; जानेवारी १९९३ मध्ये ३-३५ असे पिछाडीवर पडूनही त्याने ह्यूस्टनविरुद्धचा सामना ४१-३८ असा जिंकून दिला होता. बाक म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक. त्यांनी फोल्सला वेन्ट्झची नक्कल करावयास लावले नाही. त्याच्या अंगवळणी पडलेल्या चाली पुढे आणल्या. बचावपटू कोठे सरकतो ते पाहून चेंडू धावणाऱ्याला द्यायचा की झटकन फेकायचा, हे आयत्या वेळी ठरवायचे, अशा त्या चाली. उपान्त्य सामन्यात मिनेसोटाचा ३८-७ असा धुव्वा उडाला.

४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनिअॅपोलिसला अंतिम सामना झाला. समोर न्यू इंग्लंडचा टॉम ब्रॅडी. तोही २००१ साली जखमी ड्रू ब्लेडसोच्या जागी आलेला आणि मग जागा न सोडलेला! मध्यंतराला काही सेकंद उरले असता ईगल्स १५-१२ असे पुढे होते. चौथा प्रयत्न, टचडाउनची रेषा एका यार्डावर. लाथेने तीन गुण घेता आले असते. फोल्सने कडेला जाऊन पीडरसनला एक आडवळणी चाल सुचविली आणि त्याने क्षणभर थांबून होकार दिला. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो फेकला मोकळ्या उभ्या असलेल्या फोल्सकडे. त्याच डावपेचात आधी ब्रॅडीच्या हातून झेल निसटला होता. फोल्सने सोडला नाही. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. ब्रॅडीने ५०५ यार्ड फेक करूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान ३७३ यार्ड फेकणाऱ्या फोल्सला मिळाला. फिलाडेल्फियाच्या मैदानाबाहेर या प्रसंगाचा पुतळा आहे. त्यात झेल नाही. आहेत ते बोलत उभे असलेले प्रशिक्षक आणि खेळाडू.

२०१९ साली जॅक्सनव्हिलने फोल्सला पहिला क्वार्टरबॅक म्हणून मोठ्या रकमेचा चार वर्षांचा करार दिला. पहिल्याच सामन्यात त्याचे गळ्याचे हाड मोडले. त्याच्या जागी गार्डनर मिन्श्यू नावाचा नवखा राखीव खेळाडू उतरला, आणि हंगाम संपण्यापूर्वीच बरा झालेला फोल्स पुन्हा बाकावर होता.