सिन्नर: आधी पाऊस बघा, मग किल्ला ठरवा

जुलैतल्या शनिवारी नाशिककडचा भटका हमखास इगतपुरी-भंडारदऱ्याची वाट धरतो आणि निम्मा दिवस गाड्यांच्या रांगेत घालवतो. त्याच दिवशी सिन्नर तालुक्यात भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर आणि मोकळ्या वाटा असतात.

कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवरच रिते होतात. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिमीच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला जेमतेम 50 किलोमीटरवरच्या सिन्नरला तो 500-600 मिमीच्या आसपास उरतो. तालुक्याच्या आतसुद्धा हाच उतार आहे. पश्चिमेला ठाणगावचे डोंगर धुक्यात असतात, तेव्हा पूर्वेला वावी-पांगरीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो. त्यामुळे इथे ‘सिन्नरला पाऊस आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. तालुक्याच्या कोणत्या टोकाला, ते विचारा.

कळसूबाईची रांग पूर्वेकडे उतरत येते ती याच तालुक्यात. पट्टा, औंढा, आड, डुबेरा हे तिचे शेवटचे टप्पे. ऐन पावसाळ्यात डुबेऱ्यापासून सुरुवात करावी. डुबेरे गावातून वरपर्यंत पायऱ्या आहेत, माथ्यावर सप्तशृंगी देवीचं मंदिर आहे, आणि लहान मुलं बरोबर असली तरी निम्म्या दिवसात सगळं आटोपतं. गावातला बर्वे वाडा चुकवू नका. थोरले बाजीराव 18 ऑगस्ट 1700 रोजी इथे, आपल्या आजोळी जन्मले.

आडसाठी आडवाडी गाठायची. वाट चढाची, पण मळलेली आहे. कातळात कोरलेली गुहा आणि पाण्याची टाकी बघायला मिळतात. इथे खरा सामना वाऱ्याशी असतो. आजूबाजूच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. छत्री घरीच ठेवा, अंगाला बसणारा रेनकोट घ्या.

पट्टा मात्र सप्टेंबर उतरल्यावरच. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, आणि हा गड तर दूरवर बघण्यासाठीच आहे. जवळजवळ 1390 मीटर उंची, लांबच लांब पठार, शाबूत अंबरखाना, पट्टाई देवीचं ठाणं. 1679 मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज इथे विसावले, म्हणून हा विश्रामगड. ठाणगावमार्गे पट्टावाडी गाठली की चढ थोडाच उरतो. अंगात दम असेल तर शेजारचा औंढा जोडा, पण त्याचा शेवटचा कातळटप्पा ओला असताना त्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत.

पट्ट्यावरून पाण्याच्या वाटाही उमगतात. याच डोंगरांतून निघालेली म्हाळुंगी दक्षिणेला संगमनेरला जाऊन प्रवरेला मिळते. देवनदी कोनांब्याकडून सिन्नरवरून उत्तर-पूर्वेला गोदावरीकडे जाते. शेवटी दोन्ही पाणी गोदेचंच. देवनदीवरचे जुने बंधारे आणि पाट गाळ काढून पुन्हा वाहते केले गेलेत. कमी पावसाच्या मुलखात पाणी कसं वळवतात ते बघायला तासभर काठाने चाला.

मार्च ते मे दुपारी फिरू नका. उघडा काळा कातळ तापतो, सावली नावालाच असते आणि किल्ल्यांवरच्या टाक्यांचा भरवसा नसतो. माणशी तीन लिटर पाणी पायथ्याहूनच घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, पण हवा स्वच्छ असल्याने पट्ट्यावरून कळसूबाई ठळक दिसते.

उतरल्यावर वेळ उरला तर सिन्नर गावातलं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर उन्हं कलताना बघा. मालेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय त्याआधी उरकावं. तिथले स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक याच लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झाले. आड-पट्ट्याच्या वाटेवर पायाखाली तोच खडक असतो. ठाणगावकडून परतीची एसटी धरायची असेल, तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच सिन्नर स्थानकात विचारून ठेवा.