डाखाची घरगुती भट्टी

कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो व मागोमाग कथील भांडेभर पसरतें, हें पाटणच्या बहुतेक पालकांनीं लहानपणीं पाहिलें असेल. विद्युन्मंडलाच्या पाटीवर तिळाएवढे भाग जोडण्याची विद्या ह्याच कुळांतली होय. येथें नवसागराच्या जागीं राळ असते. राळ व डाखाची भुकटी ह्यांचें मलम भागांच्या पायांखालीं लावून सारी पाटी भट्टींत तापवितात.

शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळतें. त्यांत वजनानें शेंकडा ३७ शिसें मिसळल्यास १८३ अंश पुरतात.

भट्टीसाठीं पाव भाजण्याची जुनी विजेची पेटी घ्यावी. तिच्या चकतीवरील अंकांवर मात्र विसंबूं नये. पाटी किती तापली हें त्यांवरून कळत नाहीं. पाटीला खेटून थर्मोकपल बसवावें. दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापला कीं विजेचा दाब उत्पन्न होतो, हा शोध सीबेक ह्यानें १८२१ सालीं लावला. ‘के’ जातीच्या तारांत हा दाब दर अंशास सुमारें ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोनशें अंशांच्या फरकासहि जेमतेम ८ मिलिव्होल्ट! एवढ्या क्षीण खुणेवरून नियंत्रक पेटीची वीज चालूबंद करतो.

सेकंदास एक-दोन अंश ह्या गतीनें १५० पर्यंत चढावें. मिनिट-दीड मिनिट १८० च्या आंत रेंगाळावें, म्हणजे राळ धातूचा गंज काढते. मग २१५ च्या सुमारास पोंचून लागलीच उतरावें. आम्हीं उतावीळपणें चढलों, तेव्हां एक रोधक चक्क एका टोंकावर उभा राहिला. एकीकडचा डाख आधीं वितळला कीं त्याचा पृष्ठताण भागास ओढून उभा करतो. दोन्ही टोंकें बरोबर वितळलीं तर हाच ताण वांकडा बसलेला भाग सरळ करून घेतो. कांचेंतून तें अवश्य पाहावें.

पावसाळ्यांत कोयनाकांठची दमट हवा उघड्या राहिलेल्या चिपांच्या आवरणांत मुरते. भट्टींत त्या पाण्याची वाफ होऊन आवरण लाहीसारखें तडकतें; म्हणून अशा चिपा आधीं मंद आंचेवर कांहीं तास सुकवाव्या.

पालकांस विनंती कीं, २३० व्होल्टांची जोडणी जाणत्या माणसाकडूनच करवावी व काम चालूं असतां खिडक्या उघड्या ठेवाव्या. त्या पेटींत पुन्हां खाण्याचा जिन्नस भाजूं नये. शिसें पोटांत गेल्यास मुलांच्या मेंदूस अपाय होतो. आमच्या पेटीवर तसें ठळक अक्षरांत लिहिलें आहे. तरीहि एका विद्यार्थ्यानें तींत भुईमुगाच्या शेंगा घातल्याच होत्या. त्या वेळींच दिसल्या, म्हणून फेंकून देतां आल्या.