गेल्या महिन्यात काय पाहिलंस?

डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सात-आठ जण जमतात. भिंतीवर पांढरी चादर, मित्राचा जुना प्रोजेक्टर आणि ‘आवाज कमी’ अशी बायकोची कायमची ताकीद. सिनेमा लावण्याआधी एक फेरी होते. गेल्या महिन्यात कोणता जुना सिनेमा पाहिला आणि कसा वाटला, ते ज्यानं त्यानं सांगायचं. निदान पंचवीस वर्षं जुना हवा, एवढीच अट. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही, उभा जन्म बँकेत गेला. पण या फेरीत वेळोवेळी तोंडावर आपटून जे कळलं, ते लिहून ठेवतो.

१. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलू नये

हे लिहायचीसुद्धा गरज नाही, असं वाटेल. पण ‘राशोमोन’ न पाहता मी त्याच्याविषयी पंधराएक वर्षं बोलत होतो. घटना एक, हकिकती चार, एवढं कानावर पडलं की कुरोसावा कळल्यासारखा वाटतो. बँकेत दोन खात्यांची जुंपली की मी ‘हे राशोमोनसारखं झालं’ म्हणायचो आणि समोरचा मान डोलवायचा. त्यानंही पाहिला नसावा.

एकदा फेरीत मी ठोकून दिलं, की शेवटी लाकूडतोड्या खरं काय ते सांगतो आणि गुंता सुटतो. आमच्यात एक बाई आहेत, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “आणि त्या बाळाचं काय?”

कुठलं बाळ? माझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळायचं ते कळलं.

त्याच रात्री पाहिला. १९५० चा सिनेमा, दीड तासाचासुद्धा नाही. धो धो पाऊस, मोडकळीला आलेली वेस आणि तिच्या आडोशाला उभे तिघं. न्यायाधीश अख्ख्या सिनेमात दिसत नाही की बोलत नाही. साक्षीदार आपल्याकडेच बघून साक्ष देतात, म्हणजे निवाडा करायला बसवलंय ते आपल्याला. मेलेला सामुराईसुद्धा साक्ष देतो, अंगात आलेल्या बाईच्या तोंडून! हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याला मी सत्यवचनी ठरवलं होतं, तो लाकूडतोड्याही धुतल्या तांदळाचा नाही. गायब झालेल्या खंजिराबाबत तो गप्प का, हे शेवटी उघडं पडतं. वेशीत टाकून दिलेलं तान्हं बाळ तोच उचलतो. घरी सहा आहेत, त्यांत हे सातवं.

गुंता सुटत नाही तो नाहीच. पुढच्या फेरीत मी बाईंसमोर कान धरले.

२. संवाद पाठ असलेला सिनेमा पाठ नसलेल्या माणसाबरोबर पाहावा

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आमच्याकडे दोनदा लागला. पहिल्यांदा आम्ही सगळे मुरलेले होतो. अशोक सराफांनी तोंड उघडायच्या आत वाक्य आमच्या तोंडून बाहेर. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन आला तेव्हा टाळ्या, सुधीर जोशींच्या घरमालकाला शिट्ट्या. मजा आली, पण सिनेमा कुणी पाहिला? आम्ही आरती म्हणत होतो.

दुसऱ्यांदा माझी भाची आली होती. तिनं तो कधीच सलग पाहिला नव्हता. आम्हाला गप्प बसवलं गेलं. ती हसली, पण आम्ही हसतो त्या जागांवर नाही. मध्येच म्हणाली, “मामा, म्हणजे एकट्या पोरांना घर देत नाहीत म्हणून हे सगळं?” तेव्हा ती स्वतः पुण्यात मैत्रिणींबरोबर भाड्याचा फ्लॅट शोधत होती. सोसायट्यांचे नियम ऐकून रडकुंडीला आली होती. लग्न झालंय का, कोण येणार-जाणार, किती वाजता परत येणार, हे सगळे प्रश्न ऐकून झाले होते. पुरुषांना साडी नेसावी लागते ती घरमालकिणीला जोडपीच हवीत म्हणून. गोष्टीचा पायाच तो, आणि तीसेक वर्षं आम्ही त्यावरून खिदळत उड्या मारत होतो. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. तिथे तर ‘मकान’ नावातच आहे.

३. शिफारस करताना ‘हसून हसून मरशील’ म्हणू नये

‘जाने भी दो यारों’ मी माझ्या मेव्हण्याला असाच सांगितला. तो रविवारी सासू-सासऱ्यांसकट सहकुटुंब बसला. रात्री साडेदहाला फोन. “भावजी, हा कसला विनोदी?”

चूक त्याची नव्हती. सतीश शाहांचं प्रेत चाकांवरून गावभर फिरतं, भर नाटकात महाभारताचा बट्ट्याबोळ होतो, तोवर घर हसतंच. पण शेवटी पूल पडल्याचं खापर त्या दोन भोळ्या फोटोग्राफरांवर फुटतं आणि खरे गुन्हेगार आपसात मिटवून मोकळे होतात. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. मी मेव्हण्याला हसवायला बसवलं होतं, तो हात त्याला कुठून झेपणार?

कुंदन शाहांनी १९८३ मध्ये हा सिनेमा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या जेमतेम सात लाखांत काढला. तो आला तेव्हा थिएटरवर गर्दी उसळली नव्हती. पुढे दूरदर्शन आणि कॅसेटींनी तो घरोघर नेला आणि मग त्याला ‘कल्ट’ हे बिरुद चिकटलं. हल्ली मी फक्त एवढंच सांगतो, की दोन फोटोग्राफर आहेत आणि शेवटचा सीन चुकवू नकोस.

४. भांडणाआधी कोणती प्रत पाहिली ते विचारावं

आमच्यातले एक काका निवृत्त मोटरमन. ‘शोले’त ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करतो, असं ते शपथेवर सांगत होते. प्रोजेक्टरवाला मित्र म्हणे, छे, खिळे मारलेल्या बुटांनी ठार मारतो आणि मग रडतो. आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरून बेल वाजली.

दोघंही खरं बोलत होते. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला आणि १९७५ मध्ये पडद्यावर पोलीसवालाच शेवट आला. काकांनी तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाहिला, जिथे ‘शोले’ पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. मूळ शेवट असलेली प्रत पुढे व्हिडिओ कॅसेटवर फिरली. मित्रानं ती भाड्याच्या व्हीसीआरवर, गणपतीच्या मांडवात पाहिली होती. दोन माणसं, दोन ‘शोले’. काका अजून म्हणतात, “थिएटरात लागतो तोच खरा.” मोटरमनला सिग्नलचीच भाषा कळते, असं मित्राचं म्हणणं. त्या दोघांत मी आता पडत नाही.

५. ‘मला माहीत आहे’ म्हणण्याआधी पुस्तक काढावं

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लावला होता. त्यातल्या एका पदाबद्दल मी छातीठोकपणे म्हणालो, की हा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग. बाई म्हणाल्या, नाही. मी म्हणालो, आमच्या गावच्या भजनात म्हणतात. बाईंनी आमच्याच कपाटातली गाथा काढून माझ्या मांडीवर ठेवली. पुढचा अर्धा तास मी अभंग चाळत होतो आणि बाकीचे बटाटेवडे खात होते. ते पद सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं. इतकं बेमालूम, की माझ्यासारखे कितीतरी जण फसलेत. असं फसायला माझी काही हरकत नाही, वडे संपले त्याचं वाईट वाटलं.

त्या दिवशी आईही बाहेर येऊन बसली होती. तिनं हा लहानपणी सांगलीत पाहिलेला. आम्ही विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्याविषयी, दामले-फत्तेलालांच्या ट्रिक सीनविषयी, व्हेनिसच्या महोत्सवातल्या गौरवाविषयी बोलत होतो. आई जिजाईकडे बघत होती. पोर आजारी पडलं म्हणून चिडलेली जिजाई पायातलं काढून थेट देवळात विठोबावर धावून जाते, तिथे आई पुटपुटली, “बरं केलं.” शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला निघतात आणि जिजाई खाली राहते. आई उठता उठता म्हणाली, “हिला बसवलं असतं, तर पोरांना कोण बघणार होतं?” त्या संध्याकाळी आम्ही सगळे मिळून इतकं नेमकं काही बोललो नव्हतो.

ती भूमिका करणाऱ्या गौरीबाई काही नटी म्हणून प्रभातमध्ये आलेल्या नव्हत्या. साध्या कामातून पडद्यावर आल्या. जिजाई शेण थापते, भांडते, तेव्हा त्यांच्या हातांना ते काम ओळखीचं आहे हे दिसतं.

६. फिल्मवरच्या रेघांबद्दल तक्रार करू नये

भाचीच्या पिढीला जुन्या प्रतीवरचे ओरखडे आणि खरखर सोसत नाही. मी एवढंच सांगतो, की फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उरलाय. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेटच्या जुन्या रिळांचा मोठा साठा जळून गेला. रेघा दिसतात म्हणजे निदान रीळ आहे.

७. दिवे लागल्यावर पाच मिनिटं गप्प बसावं

आणि मोबाइलवर नटाचं वय शोधू नये. एवढंच.

८. वही ठेवावी आणि जुनं मत खोडू नये

माझी वही १९९८ पासूनची आहे. १९९९ मध्ये मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पाहिला होता. त्यापुढे लिहिलंय: ‘संथ. दोन तास सोळा मिनिटं. कॅमेरा हलत नाही. म्हातारे सारखे हसून मान हलवतात. ९.२० ची फास्ट चुकली.’

गेल्या वर्षी फेरीसाठी पुन्हा पाहिला. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. वाईट कुणीच नाही, फक्त वेळ नाही. मग मुलं वर्गणी काढून आईबापांना आतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. स्वस्त हॉटेल आणि रात्रभर तरुणांचा दंगा. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसतात आणि ठरल्याच्या आधीच परत येतात. मुलगी दारातच म्हणते, इतक्यात कशाला आलात? तिच्याकडे त्या संध्याकाळी बैठक असते.

तिथे मी प्रोजेक्टर थांबवला. चहा टाकतो म्हणून आत गेलो.

२००६ मध्ये आई-आबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. वन रूम किचन, मुलीची दहावी, माझं मार्चएंड. मी आणि भावानं पैसे घालून त्यांना चार दिवस महाबळेश्वरला पाठवलं. आराम होईल, हवाही छान असते, असं सांगून. ते तिसऱ्या दिवशीच परत आले, हातात भाजलेल्या चण्यांच्या दोन पिशव्या घेऊन. दार मीच उघडलं होतं. काय म्हणालो ते मला आठवतं आणि इथे लिहावंसं वाटत नाही. आबा म्हणाले, छान होतं रे, खूप छान. सारखे मान हलवत होते.

फेरीत त्या दिवशी मी काही बोललो नाही. बाईंनी ओझू कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर कसा ठेवतो ते सगळ्यांना दाखवलं. मोटरमन काकांना मुलगी फार आवडली, ती खरं बोलते म्हणून. मी वहीतल्या ‘संथ’च्या खाली नवी तारीख घातली आणि पुढे जागा सोडली.

आबा आता नाहीत. रात्री आईच्या खोलीत गेलो. ती जागीच होती. विचारलं, “आई, महाबळेश्वरहून तुम्ही एक दिवस आधी का आला होतात गं?”

तिला आठवायला थोडा वेळ लागला.

“अरे, तिथे चहाला सारखं खाली उतरावं लागायचं,” ती म्हणाली. “ह्यांचे गुडघे.”