घरातील संचय आणि दुरून येण्याची वाट

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. संगीतकार त्यागराज (१७६७-१८४७) यांनी आयुष्याचा बहुतेक काळ येथेच घालविला. त्यांच्या सुमारे सातशे रचना आज उपलब्ध आहेत. त्या आपल्यापर्यंत कशा पोहोचल्या, याचे उत्तर त्यांच्या शिष्यांत सापडते. शिष्यांनी त्या गळ्यात जतन केल्या आणि ताडपत्रांवर व कागदांवर उतरून घेतल्या. यांपैकी एक शिष्यशाखा तिरुवैयारुला लागून असलेल्या तिल्लैस्थानम येथील, दुसरी कावेरीकाठच्याच उमयाळपुरमची, तर तिसरी दूर उत्तरेकडील वालाजापेटची. वालाजापेटच्या शाखेची हस्तलिखिते पुढे मदुरेच्या सौराष्ट्र सभेकडे आली. एकाच गावात निर्माण झालेला संचय अशा रीतीने निरनिराळ्या ठिकाणी राहिला.

याच परिसरात जतनाची दुसरी रीतही पाहावयास मिळते. तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी विशेष वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी ग्रंथ आणि मोडी लिपीतील कागदपत्रे तेथे एका छताखाली सुरक्षित राहिली. १९१८ साली हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. पहिल्या रीतीचा भर प्रती पसरविण्यावर आहे, दुसरीचा भर राखणीवर. पहिलीत एखादी प्रत नको त्या हाती जाण्याचे भय असते. दुसरीत दूरच्या वाचकाची अडचण होते.

आजच्या घरातही हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा राहतो. या प्रकरणात आपण त्याचाच विचार करू.

पेटी म्हणजे काय?

उदाहरणासाठी असे समजू की, तिरुवैयारुत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे एक मराठी कुटुंब आहे. घरात जुने मोडी कागद होते. त्यांपैकी काही वाळवीने खाल्ले आणि आता त्यांची केवळ छायाचित्रे उरली आहेत. आजोबांच्या कीर्तनाच्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. शेताची कागदपत्रे आहेत, लग्नाच्या पंगतींची छायाचित्रे आहेत. थोरला मुलगा चेन्नईस, मुलगी पुण्यास, नात परदेशी शिकावयास गेलेली. प्रत्येकाजवळ एक मोबाईल व एक लॅपटॉप धरला, तरी सहा साधने झाली. आजी घरी टीव्हीवर छायाचित्रे पाहतात, ते सातवे.

अशा घरात हार्ड डिस्क असलेली एक लहान पेटी राऊटरला जोडून ठेवता येते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नॅस’ म्हणतात. ही पेटी म्हणजे एक छोटा संगणकच होय. घरातील कोणत्याही साधनाने मागितलेली फाइल ती देते व दिलेली फाइल ठेवून घेते. जोवर हा व्यवहार घरापुरता असतो, तोवर राऊटर हा घराच्या बाहेरच्या भिंतीप्रमाणे काम करतो. आतून कोणी बाहेर विचारणा केली तर तिचे उत्तर तो आत येऊ देतो. बाहेरून आपण होऊन आलेल्या हाकेला मात्र तो दाद देत नाही. अडचण सुरू होते ती चेन्नईच्या मुलाला व परदेशातील नातीला हीच पेटी उघडावयाची असते तेव्हा.

रस्त्यावर उघडणारे दार

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे राऊटरच्या भिंतीला एक झरोका पाडणे. यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ असे म्हणतात. बाहेरून अमुक क्रमांकावर येणारी हाक थेट पेटीकडे पाठवावी, असा हुकूम राऊटरला दिला की काम भागते. ‘यूपीएनपी’ नावाची सोय चालू असेल तर पेटी स्वतःच असा झरोका पाडून घेते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

“आमच्या लहानशा गावातील घराकडे कोण लक्ष देणार?” असे पुष्कळांना वाटते. हा समज खरा नाही. इंटरनेटच्या जुन्या व अद्याप रूढ असलेल्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ही संख्या मोठी वाटते. परंतु मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली असे साधन तयार केले की, एका संगणकावरून पाऊण तासाच्या आत यांतील सर्व सार्वजनिक पत्त्यांची चाचपणी करता येते. चोराला गावाचे नाव ठाऊक असण्याची गरजच राहिलेली नाही. तो प्रत्येक दार ठोठावतो आणि जे उघडते त्याची नोंद करतो.

याचे परिणाम २०२१ साली दिसून आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘क्यूनॅप’ या कंपनीच्या हजारो पेट्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. फाइली परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या गठड्यांत बांधल्या गेल्या आणि त्या सोडविण्यासाठी ०.०१ बिटकॉइन इतकी खंडणी मागण्यात आली. जूनमध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्यांचे मालक सकाळी उठून पाहतात, तो सर्व संचय पुसला गेलेला! या पेटीत सर्व काही पुसून तिला नव्यासारखी करण्याची सोय होती. ही आज्ञा देणाऱ्याकडे परवलीचा शब्द मागणारा भाग तिच्या आज्ञावलीत निष्क्रिय राहिला होता. शिवाय तिची अखेरची दुरुस्ती २०१५ सालची होती. मालकांचे परवलीचे शब्द कितीही कठीण असते, तरी त्यांचा उपयोग नव्हता. कारण कुलूप विचारात घेतलेच जात नव्हते.

यातून घ्यावयाचा धडा असा की, पेटीचे दार थेट रस्त्यावर उघडू नये. जानेवारी २०२२ मध्ये नव्या हल्ल्यांची लाट आली, तेव्हा खुद्द क्यूनॅप कंपनीने ग्राहकांना राऊटरमधील झरोके व यूपीएनपी बंद करावयास सांगितले.

माणसालाच घरात घ्यावे

मग दूरच्यांनी यावे कसे? पेटी बाहेर नेण्याऐवजी माणसाला घरात घ्यावे, हे याचे उत्तर आहे. तंत्रज्ञानात यासाठी ‘व्हीपीएन’ नावाची व्यवस्था आहे. नातीच्या लॅपटॉपपासून तिरुवैयारुच्या घरापर्यंत एक कूटबद्ध बोगदा तयार होतो. त्यातून जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. बोगद्याच्या या टोकाशी पोहोचले की, तो लॅपटॉप ओसरीवर ठेवल्याप्रमाणेच घराच्या जाळ्यात सामील होतो.

या व्यवस्थांपैकी ‘वायरगार्ड’ ही अलीकडची असून मार्च २०२० मध्ये ती लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. पहिला असा की, ओळखीची किल्ली नसलेल्याला ती उत्तरच देत नाही. चाचपणी करणाऱ्याला तेथे दार आहे हेही कळत नाही. दुसरा गुण असा की, प्रत्येक साधनाला स्वतंत्र किल्ली देता येते. मुलाचा मोबाईल चेन्नईच्या लोकलमध्ये हरवला, तर तेवढी एक किल्ली रद्द करावी. बाकीच्यांना काहीच बदलावे लागत नाही. म्हणूनच सर्वांनी मिळून एकच किल्ली कधीही वापरू नये.

भारतातील वाचकांना येथे एक अडचण जाणवेल. पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा वाटणीसाठी २०१२ साली पत्त्यांचा एक पट्टाच राखून ठेवण्यात आला. राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत असेल आणि त्यापुढील आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर आपले घर अशा वाटणीत आहे असे समजावे. तेव्हा बाहेरून हाक मारणे शक्य होत नाही. येथे दोन मार्ग आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा, किंवा ‘टेलस्केल’सारखी मध्यस्थ सेवा वापरावी. या सेवेत घरची पेटी व नातीचा लॅपटॉप ही दोन्ही आतून बाहेर हाक मारतात. मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो आणि पुढील बोलणे कूटबद्ध असल्याने त्याला ते वाचता येत नाही. मात्र या मध्यस्थाकडील खाते हीच आता घराची मुख्य किल्ली होते, हे विसरता कामा नये.

घरातल्या खोल्या

बोगदा साधनाला ओळखतो. ते साधन निरोगी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. मुलाच्या लॅपटॉपमध्ये शिरलेला खंडणीखोर प्रोग्राम त्याच बोगद्यातून आजोबांच्या कीर्तनापर्यंत येऊ शकतो. म्हणून घरात आलेल्यालाही प्रत्येक खोली उघडी नसावी. पुढील नियम साधे आहेत :

१. प्रत्येक व्यक्तीचे खाते वेगळे असावे. मोडी कागद व ध्वनिफिती यांवर सर्वांना केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. भर घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

२. पेटीच्या व्यवस्थापकाचे खाते रोजच्या वापरासाठी घेऊ नये. कारखान्यातून आलेले त्याचे मूळ नाव व परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

३. व्यवस्थापकाच्या आणि मध्यस्थ सेवेच्या खात्यास दुहेरी ओळख लावावी; म्हणजे परवलीच्या शब्दानंतर मोबाईलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी संकेतही द्यावा लागतो.

४. राऊटर व पेटी यांच्या दुरुस्त्या आपोआप बसतील असे करावे. कंपनीने दुरुस्त्या देणे बंद केले की, ती पेटी चालत असली तरी तिचा इंटरनेटशी संबंध तोडावा.

प्रती

एवढे केले तरी काम पुरे होत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गजा’ हे चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. अशा प्रसंगी यूपीएसमुळे पेटी नीट बंद होण्यापुरती सवड मिळते. पण घरात पाणी शिरले किंवा वीज कोसळली, तर यूपीएसचा काय उपयोग?

पुष्कळांना वाटते की, पेटीत दोन डिस्क असून दोहोंवर तोच मजकूर आहे, म्हणजे प्रत झाली. तसे नाही. एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबू नये, एवढाच त्या व्यवस्थेचा हेतू असतो. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. मोबाईल व पेटी सतत एकसारखी ठेवणारी सोयही अशीच. ती चूकसुद्धा निष्ठेने उतरवून घेते. खरी प्रत जुनी अवस्था सांभाळून ठेवते.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा नियम सांगितला जातो. आपल्या कुटुंबात पहिली प्रत पेटीत राहील. दुसरी एका सुट्या डिस्कवर असेल. महिन्यातून एकदा जोडून काम झाले की ती काढून कपाटात ठेवावी, कारण न जोडलेल्या डिस्कपर्यंत कोणताही चोर पोहोचत नाही. तिसरी प्रत पुण्यास मुलीच्या घरी त्याच बोगद्यातून रात्री आपोआप जाईल. ती कूटबद्ध असावी आणि तिच्या जुन्या अवस्था पुसण्याचा अधिकार तिरुवैयारुच्या पेटीला नसावा.

कूटबद्ध प्रतीची किल्ली हरविली तर मालकही परका ठरतो. म्हणून ती कागदावर लिहून शेताच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी व घरातील दोघांना तरी ती जागा माहीत असावी. शेवटचे काम परीक्षेचे. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यागराजांची आराधना होते, तेव्हा तिरुवैयारुच्या अनेक घरांत बाहेरगावची माणसे जमतात. त्याच दिवशी पुण्याच्या प्रतीतून एक कीर्तन परत मागवून सर्वांनी ऐकावे. जी प्रत परत आणून पाहिलेली नाही, ती आहे असे धरून चालू नये.

समारोप

सारांश, पेटीचे दार रस्त्यावर उघडू नये. दूरच्या माणसाला स्वतंत्र किल्ली देऊन घरात घ्यावे. घरातही त्याला लागेल तेवढीच खोली उघडावी. आणि हे सर्व फसले तरी संचय राहावा म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. वाळवीने खाल्लेला मोडी कागद आता परत मिळणार नाही. त्याचे छायाचित्र मात्र नातीच्या पिढीपर्यंत जाऊ शकते, आणि त्यासाठी लागणारे श्रम एका रविवारच्या दुपारी सुरू करता येण्याजोगे आहेत.