उन्हाळा आणि आश्रमातील आपले वडीलधारे

अभ्यासपाठ
वाचने : १ राजे १९:४-८, बेन सिरा ३:१२-१४, मत्तय २५:३१-४०



चैत्र-वैशाखात आपल्या वेळापूर-माळशिरस भागात पारा चाळिशी ओलांडतो. आपण शेतातली कामे पहाटे उरकतो आणि दुपारी लिंबाच्या सावलीला बसतो. वृद्धाश्रमात खाटेवर पडून असलेल्या आजी-आजोबांना मात्र स्वतः उठून खिडकी उघडता येत नाही की माठातले पाणी घेता येत नाही. त्यांचा उन्हाळा सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो. म्हणून या रविवारी हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे.

१. देवाचे वचन

एलिया संदेष्टा रानात थकून एका झुडपाखाली निजला आणि आता मरण बरे, असे म्हणू लागला. तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला स्पर्श करून उठवले. एलियाने पाहिले तर उशाशी भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो खाऊन-पिऊन पुन्हा निजला, तेव्हा देवदूत दुसऱ्यांदा आला.

यातला बारकावा ध्यानात घ्या. पाणी उशाशी ठेवले एवढ्यावर काम संपले नाही. उठवावे लागले, खा-पी म्हणून सांगावे लागले आणि पुन्हा यावे लागले. म्हाताऱ्या माणसाच्या सेवेचे सारे शास्त्र यात आले आहे. बेन सिरा तर सांगतो की बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, त्याचा अवमान करू नये. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू स्वतःला तहानेलेल्यांमध्ये मोजतो.

२. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर १९९९ रोजी जगातील वृद्धांना पत्र लिहिले. तेव्हा ते स्वतः ७९ वर्षांचे होते. वृद्धांनी कुटुंबातच राहावे हे उत्तम. परंतु काही वेळा आश्रमाची गरज पडते, असे त्यांनी त्यात म्हटले. तेव्हा आईवडिलांना आश्रमात ठेवावे लागले म्हणून कोणाकडे बोट दाखवू नये. मात्र आश्रमात ठेवले म्हणून चौथी आज्ञा संपत नाही.

संत जान जुगान यांनी १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये एका अंध, पांगळ्या वृद्धेला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. तिथे प्रश्न थंडीचा होता, आपल्याकडे उन्हाचा आहे. पण आपली सोय दुसऱ्याला द्यायची, ही रीत तीच. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. आपल्या भागातल्या वृद्धांना आपली आठवण मात्र एप्रिल-मे मध्येच अधिक हवी असते.

३. म्हातारपणी ऊन का बाधते?

वय वाढले की घाम कमी येतो आणि तहानही कमी लागते. शरीरात पाणी कमी झाले तरी माणूस मागत नाही. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या व मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही उन्हाचा त्रास वाढतो. आणखी एक कारण कोणी बोलून दाखवत नाही. रात्री लघवीला उठावे लागेल, सेविकेला हाक मारावी लागेल, या संकोचाने अनेक जण संध्याकाळनंतर पाणीच घेत नाहीत. त्यांना "पाणी पीत जा" म्हणून उपयोग नाही. "रात्री हाक मारा, मी आहे" असे म्हणणारे कोणी हवे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. त्यानंतर तेथील वृद्धनिवासांत निदान एक थंड खोली असावी, असा नियम झाला. हा धडा आपणही घ्यावा.

४. काय करावे?

खोली : आपल्याकडची जुनी माळवदाची घरे जाड मातीमुळे थंड राहत. पत्रा मात्र दिवसभर तापतो आणि रात्रीही आग ओकतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा, वर कडबा पसरणे धोक्याचे. सर्व खोल्या थंड करणे शक्य नसेल तर एक मोठी खोली करावी आणि दुपारी सर्वांना तिथे बसवावे. आपली हवा कोरडी असल्याने कूलर व वाळ्याचे पडदे चांगले काम देतात. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवावी. हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा गरम वाराच देतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने वरचेवर पुसावे.

पाणी : तास-दीड तासाने थोडे थोडे हातात द्यावे. ताक, पन्हे, ज्वारीची आंबील चालते. पण मधुमेह्याला साखर आणि रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ बेताने. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

अंथरुण : मेणकापडावर घाम साचतो, त्यावर सुती चादर हवी. खिळून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी.

५. उष्माघाताची खूण

अंग भाजत असेल आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. "वयामुळे बरळतो आहे" म्हणून दुर्लक्ष केले तर जीव जातो.

६. उपवासाविषयी

जुन्या वळणाच्या काही आजी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. पाण्याने उपवास मोडत नाही, हे १९५३ मध्येच ठरले आहे. आजच्या नियमानुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना एक तासाच्या उपवासाचेही बंधन नाही. शुभ शुक्रवारचा उपवास वयाच्या साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंतच बंधनकारक आहे. हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा. धर्मगुरूंनी सांगितले की त्यांचे मन निर्धास्त होते.

७. आपल्या धर्मग्रामाने काय करावे?

ज्ञानोबांची पालखी वेळापुरी मुक्कामाला येते तेव्हा इथला कोणी वाटसरूला तहानेला जाऊ देत नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालणारी ही माणसे आहेत. हीच पाणपोई आश्रमापर्यंत न्यावी. भेटीला जाताना मिठाईऐवजी माठ, सुती चादरी, जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत. आधी चालकांना विचारावे, काय हवे? दुपारी बारा ते चार भेट टाळावी, त्यांना विश्रांती घेऊ द्यावी. गेल्यावर आपल्या हाताने एक पेला पाणी पाजावे आणि ते संपेपर्यंत शेजारी बसावे. सेविकांचीही विचारपूस करावी. त्याही त्याच उन्हात राबतात. कोणा वृद्धाचे हाल होत असतील तर शासनाच्या १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर कळवता येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवदूत एलियाकडे दुसऱ्यांदा का आला? आपण कोणाकडे एकदाच जाऊन थांबलो आहोत?
२. आपल्या ओळखीचे कोण कोण आश्रमात आहेत? मे महिन्यात त्यांच्याकडे कोण जाणार?
३. आपल्या घरातील वृद्ध रात्री पाणी प्यायला संकोचतात का?

प्रार्थना : हे प्रभो, क्रूसावर तुलाही तहान लागली. जे मागू शकत नाहीत त्यांची तहान ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे आणि पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी दे. आमेन.