भावाच्या मैत्रिणीवर जीव जडला तर

विषय वाचून मोठी माणसे नाक मुरडतील. पण हरसूल भागात काम करताना हे दुखणे आम्ही घरांतून पाहिले आहे.

थोरला द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जातो. त्याचे जिच्यावर प्रेम आहे तिचे निरोप धाकट्याच्या मोबाइलवर येतात. 'दादाला सांग' म्हणता म्हणता दोघे रोज तासभर बोलू लागतात. महिन्या-दोन महिन्यांत धाकट्याची झोप उडते, घास उतरत नाही, छातीत धडधडते. दादाचा फोन आला की तो घराबाहेर पडतो. आई म्हणते, बाहेरचे लागले, उतारा टाका. अहो, रोज जिच्याशी मनातले बोलतो तिच्यात मन गुंतणारच. बहिणीबहिणींतही असेच होते.

अशा पोरापोरींना आम्ही आधी सांगतो, मनात आले म्हणून तू वाईट ठरत नाहीस. तिसरे शील वागणुकीचे आहे. निरोप पोचवणे मात्र आजच बंद कर. 'दादाशी तूच बोल', एवढेच तिला सांग. मेसेज करून तिच्यापाशी मन मोकळे करू नकोस, ते ओझे तिच्यावर पडते. मामा, मावशी, कुणा एका पोटात ठेवणाऱ्या माणसाला सांग. काही दिवस आत्याकडे राहा. ओढ बहुतेक वेळा ओसरते, पण वेळ लागतो.

तिचेही मन इकडे वळले असेल तर तिने आधी दादाला स्वतः स्पष्ट सांगावे. वस्तीने सगळा दोष मुलीच्या माथी मारू नये. आणि 'मेहुणी म्हणजे अर्धी बायको' ही चेष्टा घरांतून जावी, आम्हाला तिचा रागच येतो. दादाचे लग्न झाले असेल तर कायदाही आड येतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे. त्यात भावाच्या विधवा किंवा घटस्फोटित पत्नीशी लग्न, तशी रूढी नसेल तर, निषिद्ध आहे.

दोन आठवडे उदासी हटली नाही, दारू वाढली किंवा 'मी नसलेलाच बरा' असे शब्द आले, तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. फवारणीचे आणि उंदराचे औषध कुलपात ठेवा. १४४१६ वर टेली-मानस चोवीस तास मोफत, मराठीत बोलते. काही घेतल्याचा नुसता संशय आला, माणूस बरा दिसत असला तरी, मिठाचे पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.