इंधनाचा भाव आणि पाण्याचा ताळेबंद

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलमिश्रित वाळूपासून खनिज तेल काढण्याचा मोठा उद्योग १९६७ पासून चालू आहे. खाणीतून पिंपभर तेल मिळविण्यासाठी सुमारे दोन टन वाळू खणून गरम पाण्याने धुवावी लागते. मागे दूषित पाण्याची विस्तीर्ण तळी उरतात. हा खर्च तेलाच्या भावात पुरता उतरत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील ऊस व इथेनॉल यांचा हिशेबही असाच तपासावयास हवा. इथेनॉलमुळे परकीय चलन वाचते आणि कारखान्यांना उत्पन्नाचे नवे साधन लाभते. परंतु निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार टनभर उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते व लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे टनामागे दोन लाख लिटर! पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पावसाने न भागणारी गरज विहिरी व विंधन विहिरींतून भागविली जाते. त्या उपशाची किंमत टंचाईच्या उन्हाळ्यात साऱ्या गावाला मोजावी लागते.

म्हणून ग्रामपंचायतींनी पावसाळा संपताच पाण्याचा ताळेबंद मांडावा, पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवावे आणि उरलेल्या पाण्यावरच उसाचे क्षेत्र बेतावे. जेथे ऊस असेल तेथे ठिबक सिंचन, अन्यत्र तूर व ज्वारी, हेच हिताचे ठरेल.